वारेचा निरोप : गर्भवतीच्या रक्तातील सूचक घटक आणि आपली जबाबदारी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाची संहिता)



गेल्या वार्षिक सभेत विश्वस्तांनी आमच्या विभागाला एक प्रश्न विचारला होता. गर्भवतीचे रक्त तपासून वारेतील बिघाड आधीच ओळखता येतो, असे आता ऐकू येते. तशी सोय आपल्या रुग्णालयात करावी काय, आणि केल्यास तिचा खरा लाभ कोणाला होईल? एका देणगीदार कुटुंबाने त्यासाठी यंत्र देण्याची तयारीही दाखवली होती. होकार देणे सोपे होते. परंतु धर्मादाय संस्थेचा पैसा हा कोणाच्या तरी कष्टाचा पैसा असतो, या जाणिवेने आम्ही वर्षभराची मुदत मागून घेतली. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे आमचे उत्तर होय.

उत्तराकडे वळण्यापूर्वी एका प्रसंगाचे स्मरण करणे आम्हांस आवश्यक वाटते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातील एक पहिलटकरीण आपल्या बाह्यरुग्ण विभागात आली. आठवा महिना नुकताच लागला होता. पायांवर सूज होती, डोके थोडे दुखत होते. रक्तदाब १३४/८६ भरला. लघवीत प्रथिनाचा केवळ अंश दिसला. १४०/९० ही आमची लक्ष्मणरेषा. ती ओलांडलेली नव्हती. रक्त घेतले, हिमोग्लोबिन पाहिले, गोळ्या दिल्या आणि "आठ दिवसांनी या" असे सांगून तिला घरी पाठवले. चौथ्या रात्री तिला जीपमध्ये घालून आणले ते झटके येत असतानाच. मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देऊन झटके थांबवले, शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढले. आई वाचली, बाळ अवघे दोन दिवस जगले.

घरी जाताना तिच्या सासूबाईंनी आम्हांला विचारले, "त्या दिवशी तुम्ही रक्त घेतलं होतं ना? मग रक्तात काहीच दिसलं नाही?" त्या प्रश्नात आरोप नव्हता, पण आमच्याजवळ उत्तरही नव्हते. त्या दिवशी आमच्या हातून कोणताही नियम मोडला गेला नव्हता, आणि नेमकी तीच गोष्ट आमच्या मनाला आजवर बोचत राहिली आहे.

त्या माउलीचा प्रश्न किती मर्मग्राही होता, हे समजण्यासाठी वारेची ओळख करून घेतली पाहिजे. जिथे आपली नाळ पुरली ते आपले गाव, असे आपण अभिमानाने म्हणतो; पण त्या नाळेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वारेचा विचार मात्र प्रसूतीनंतर ती पूर्ण पडली की नाही, एवढ्यापुरताच होतो. वस्तुतः सुमारे अर्धा किलो वजनाचा हा अवयव नऊ महिने बाळाचे फुप्फुस, जठर आणि मूत्रपिंड या तिघांचेही काम एकटा करीत असतो. पूर्ण दिवसांच्या सुमारास आईचे अर्ध्या लिटरहून अधिक रक्त दर मिनिटाला गर्भाशयाकडे वाहत असते.

एवढा प्रवाह येतो कसा? गर्भधारणेपूर्वी गर्भाशयाच्या आतील रक्तवाहिन्या बारीक आणि नागमोडी असतात. पहिल्या चार-साडेचार महिन्यांत वारेच्या पेशी त्या वाहिन्यांत शिरतात, त्यांच्या भिंतींतील स्नायू विरघळवतात आणि त्यांना रुंद करतात. शेतकऱ्याने अरुंद चारी खणून तिचा रुंद पाट करावा, तसेच हे काम आहे. काही स्त्रियांत ते अर्धवट राहते. पाट रुंद होत नाही, पाणी जोराने पण तुटक येते, आणि वार उपाशी राहते. बाळाची वाढ खुंटते. आणि उपाशी वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडू लागते की तिच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. मग रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडातून प्रथिने गळतात, यकृताला सूज येते, आणि मेंदूपर्यंत परिणाम पोहोचला की झटके येतात. या विकाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. शंभर गर्भवतींपैकी साधारणपणे तीन ते आठ जणींना तो होतो. त्याची पुढची पायरी म्हणजे झटक्यांचा एक्लॅम्प्सिया.

यात सर्वांत महत्त्वाची बाब काळाची आहे. पाट खणण्याचे काम चौथ्या-पाचव्या महिन्यात फसते आणि रक्तदाब सातव्या, आठव्या किंवा नवव्या महिन्यात वाढतो. मधल्या काळात स्त्री वरवर निरोगी दिसते. आमचा रक्तदाबमापक त्या काळात मुका असतो. पण वार मुकी नसते. ती आईच्या रक्तात आपला निरोप पाठवीत असते. तो वाचण्याची विद्या गेल्या काही दशकांत विकसित झाली.

त्या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९९१ साली इटलीतील नेपल्स येथील संशोधकांनी मानवी वारेत एक प्रथिन शोधून काढले. रक्तवाहिन्यांची वाढ व निगा राखण्याचे काम ते करते. त्याला पीएलजीएफ, म्हणजेच वारेचा वृद्धी-घटक, असे नाव मिळाले. पुढे २००३ साली मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिकून अमेरिकेतील बोस्टन येथे संशोधन करणारे डॉ. अनंत करुमंची व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांच्या वारेत आणि रक्तात एस-एफएलटी-१ नावाचे दुसरे प्रथिन फार वाढलेले असते. हे प्रथिन पीएलजीएफला रक्तातच पकडून ठेवते आणि त्याचे काम होऊ देत नाही. गाभण उंदरिणींच्या शरीरात ते वाढवले असता त्यांच्यात रक्तदाब, लघवीतून प्रथिने जाणे आणि मूत्रपिंडातील तसेच बदल दिसून आले. २००४ साली याच गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली : एस-एफएलटी-१ ची वाढ रोगाची लक्षणे दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून सुरू होते. ज्या रोगाला वैद्यकाने दीर्घ काळ "सिद्धान्तांचा रोग" म्हणून हात टेकले होते, त्याचा एक धागा अशा रीतीने हाती लागला. आपल्या महाराष्ट्रातही, पुण्याच्या भारती विद्यापीठातील संशोधकांनी या घटकांवर दीर्घकाळ काम केले आहे, याचा उल्लेख केलाच पाहिजे.

आता प्रत्यक्ष उपयोगाकडे वळू. या तपासण्यांचे दोन वेगळे उपयोग आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये.

पहिला उपयोग तिसऱ्या महिन्यातला, म्हणजे अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यानचा. या वेळी स्त्रीला कोणताही त्रास नसतो. तिचा पूर्वेतिहास, सरासरी रक्तदाब, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी आणि रक्तातील पीएलजीएफ यांचा एकत्र हिशोब करून धोका किती, हे काढले जाते. पीएपीपी-ए नावाच्या आणखी एका प्रथिनाची पातळी कमी असणे हीदेखील वार नीट न रुजल्याची खूण असू शकते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अस्प्रे या मोठ्या अभ्यासात अशा रीतीने निवडलेल्या १,७७६ अतिजोखमीच्या स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि उर्वरितांना तशीच दिसणारी निरौषध गोळी देण्यात आली. सदतिसाव्या आठवड्यापूर्वी होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण निरौषध गटात ४.३ टक्के होते. ॲस्पिरिनच्या गटात ते १.६ टक्क्यांवर आले. काही पैशांच्या गोळीने एवढे साधावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र ही गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तरच खरा गुण येतो, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणीही घेऊ नये.

दुसरा उपयोग विसाव्या आठवड्यानंतरचा, म्हणजे संशय उत्पन्न झाल्यावरचा. आमच्या त्या पहिलटकरणीसारख्या स्त्रिया येथे येतात. रक्तदाब सीमेवर, थोडी सूज, थोडी डोकेदुखी; ठेवून घ्यावे की घरी पाठवावे, हे ठरत नाही. अशा वेळी एस-एफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर पाहतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे आढळले की, हे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढील आठवड्यात प्री-एक्लॅम्प्सिया न होण्याची खात्री ९९.३ टक्के असते. म्हणजे अशा हजार स्त्रियांत ९९३ जणींना त्या आठवड्यात हा विकार होत नाही.

ही खात्री किती मोलाची आहे, हे आपल्या प्रसूतिकक्षात आठवडाभर बसल्यावर कळते. संशयापोटी ठेवून घेतलेली स्त्री खाटेवर असते. पण तिचे चित्त घरच्या लहानग्याकडे, गोठ्यातील जनावराकडे आणि तिच्यासोबत थांबल्यामुळे नवऱ्याच्या बुडणाऱ्या रोजाकडे लागलेले असते. तीन दिवसांनी ती सही करून निघून जाते आणि पुन्हा येते ती उशिरा. तिला निर्धास्तपणे घरी जाऊ देणे आणि जिला खरोखर धोका आहे तिच्यासाठी ती खाट मोकळी ठेवणे, हे या तपासणीचे पहिले दान आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही आपणांसमोर ठेवणे आमचे कर्तव्य आहे. त्याच अभ्यासात ज्यांचे गुणोत्तर ३८ पेक्षा अधिक होते, त्यांच्यापैकी पुढील चार आठवड्यांत सुमारे ३७ टक्के स्त्रियांनाच प्री-एक्लॅम्प्सिया झाला. अर्थात, शंभरांतील साठांहून अधिक जणींच्या बाबतीत ती धास्ती त्या मुदतीत खरी ठरली नाही. म्हणून वाढलेले गुणोत्तर म्हणजे निदान नव्हे. ती जवळून लक्ष ठेवण्याची सूचना आहे. केवळ त्या आकड्यावरून शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढणे म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळ विनाकारण जन्माला घालणे होय.

इंग्लंडमध्ये ११ प्रसूतिगृहांत १,०२३ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा निष्कर्षही असाच संयमाने वाचावा लागतो. पीएलजीएफची पातळी डॉक्टरांना कळवल्यामुळे निदानाला लागणारा मध्यम कालावधी ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि मातांच्या गंभीर गुंतागुंती घटल्या. बाळांच्या परिणामांत मात्र फरक दिसला नाही. इंग्लंडच्या शासकीय आरोग्यसेवेत या तपासण्या आज मान्य आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली अशा गुणोत्तर-चाचणीला प्रथमच परवानगी दिली. पण सर्वत्र त्यांचे स्थान एकच आहे : इतर तपासण्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.

शिवाय वारेचे सर्वच विकार या रक्तात वाचता येत नाहीत. वार खाली, गर्भाशयाच्या मुखावर असणे किंवा आधीच्या सिझेरियनच्या व्रणात रुतून बसणे, या जिवावरच्या गुंतागुंती ओळखण्यासाठी आजही सोनोग्राफीच आधार आहे. वार अचानक सुटण्याची घटिकाही कोणतेही रक्त सांगू शकत नाही. जुळे गर्भ, मातेचे वजन, मधुमेह, गर्भधारणेचा मार्ग यांनुसार तिसऱ्या महिन्यातील तपासणीचे आकडे बदलतात. आणि मासिक पाळीची तारीख नक्की नसेल, लवकरची सोनोग्राफी झालेली नसेल, तर त्या आकड्यांचा हिशोबच चुकतो. आपल्याकडे येणाऱ्या किती जणी तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवतात, हे आपण सर्व जाणतो.

आता मूळ प्रश्न. यंत्र घ्यावे काय?

आमच्या पाहणीत आलेली पहिली गोष्ट अशी की, थायरॉइडसारख्या तपासण्या ज्या स्वयंचलित यंत्रांवर होतात, त्यांपैकी काहींवर या दोन प्रथिनांचीही तपासणी करता येते. वेगळे यंत्र लागतेच असे नाही. खरा खर्च आहे तो रसायनांच्या संचाचा. हे संच महाग असतात आणि उघडल्यानंतर ठरावीक मुदतीत वापरावे लागतात. आपल्यासारख्या मध्यम रुग्णालयात संशयित रुग्ण एका आठवड्यात चार येतात आणि पुढच्या आठवड्यात एकही येत नाही. निम्मा संच मुदत संपून फेकावा लागला, तर ती देणगीदाराच्या पैशाची नासाडी ठरेल. दुसरी गोष्ट अशी की, नमुना शहरातील प्रयोगशाळेत पाठवला तर उत्तर दुसऱ्या दिवशी हाती येते. सीमेवरच्या रुग्णासाठी तेवढे चालते. गंभीर रुग्णासाठी चालत नाही. पण जिचा रक्तदाब १६०/११० झाला आहे, जिची दृष्टी अंधुक झाली आहे, तिला या तपासणीची गरजच नसते. तिला त्या क्षणी हवे असते रक्तदाब उतरवणारे औषध, मॅग्नेशियम सल्फेट, अनुभवी परिचारिका आणि शस्त्रक्रियागृहाचे उघडे दार. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रिया सहभागी होत्या. या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे तीत सिद्ध झाले.

म्हणून आमची विनंती अशी आहे. देऊ केलेल्या रकमेतून यंत्र घेऊ नये. तिचा एक भाग तपासणी-निधी म्हणून स्वतंत्र ठेवावा. ज्या गरीब गर्भवतीच्या बाबतीत डॉक्टरांचा निर्णय अडला आहे, तिची तपासणी या निधीतून बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हावी. तीच गोष्ट अतिजोखमीच्या स्त्रियांच्या तिसऱ्या महिन्यातील तपासणीची. आसपासच्या रुग्णालयांशी बोलून नमुने एकत्र करता आले, तर पुढे संच येथे ठेवण्याचा विचार करता येईल. दुसरा भाग प्रसूतिकक्षातील आणि फिरत्या दवाखान्यातील रक्तदाबमापकांच्या नियमित दुरुस्ती-तपासणीसाठी असावा. चुकीचा रक्तदाब दाखवणारे उपकरण हे नसलेल्या उपकरणाहून घातक असते. आणि तिसरा भाग रात्रीच्या रुग्णवाहिकेसाठी असावा. त्या पहिलटकरणीला चौथ्या रात्री जीप मिळेपर्यंत किती वेळ गेला, याची नोंद आमच्या कागदांत नाही. पण तिच्या घरच्यांना तो निश्चित आठवत असेल.

यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. वेळेवर आलेल्या रुग्णवाहिकेच्या फेरीवर लागत नाही, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही त्या कुटुंबाने आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि रकमेच्या विनियोगाचा निर्णय विश्वस्तांवर सोपवला. त्यांच्या या मनाच्या मोठेपणापुढे आम्ही नतमस्तक आहोत.

अखेरीस कुटुंबीयांना चार शब्द. दिवस राहिल्याचे कळताच, तिसरा महिना संपण्यापूर्वी नाव नोंदवा. पहिली खेप, आधीच्या खेपेस वाढलेला रक्तदाब, जुळे, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, आई किंवा बहिणीला झालेला हाच त्रास, यांपैकी काही असेल तर न विचारताही सांगा. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून घ्या आणि आकडा कार्डावर लिहून मागा. शासनातर्फे मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या चौदाव्या आठवड्यापासून नियमित घ्या. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येणे, बरगड्यांखाली पोटात दुखणे, तोंडावर व हातांवर एकाएकी सूज येणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. प्रसूती झाली म्हणजे धोका संपला असेही नाही. पुढच्या काही दिवसांतही झटके येऊ शकतात. ज्यांना हा विकार होऊन गेला आहे, त्यांनी पुढेही दर वर्षी रक्तदाब तपासावा, कारण अशा स्त्रियांत उत्तरायुष्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते.

त्या सासूबाई आज पुन्हा भेटल्या, तर आम्ही त्यांना काय सांगू? एवढेच सांगू की, आजी, रक्तात कदाचित दिसले असते. पण आम्ही पाहत होतो ते वेगळे होते, आणि जे पाहायला हवे होते ते पाहण्याची सोय तेव्हा आमच्यापाशी नव्हती. आज ती आवाक्यात आली आहे. तुमच्या नातवंडाला तिचा उपयोग झाला नाही. पण सीमेवरचा रक्तदाब आणि दुखरे डोके घेऊन आलेल्या स्त्रीला "आठ दिवसांनी या" असे सांगण्यापूर्वी आमच्या विभागातील प्रत्येक डॉक्टर आता थांबतो, दुसऱ्यांदा रक्तदाब घेतो आणि वरिष्ठांना विचारतो. ही सवय आम्हांला तुमच्या प्रश्नाने लावली.